काखेतला टाका

द्वारकाबाईचा स्वभाव जळका होता, आणि हे ती स्वतःच सांगायची. वडगाव निंबाळकरातल्या बायका पाटावर धुणं घेऊन बसल्या, की कुणाची नवी चोळी, कुणाच्या म्हशीचं दूध, कुणाच्या सुनेचा गोरा रंग अशी बोलणी निघायची. द्वारकाबाईला त्यातलं काहीच बोचत नसे. तिचं सगळं जळणं एका माणसापुरतं होतं. तो माणूस म्हणजे तिचा नवरा, रामहरी.

रामहरी डोळे भरायचा. म्हणजे जंबेरीच्या रोपाला खोडाशी चीर द्यायची, मोसंबीच्या फांदीवरचा डोळा सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपटानं बांधून टाकायचा. काम बघायला सोपं. पण दुसऱ्यानं भरलेले शंभरातले साठ डोळे फुटले तर रामहरीचे नव्वद फुटायचे. पाटाच्या पाण्यावर त्याची स्वतःची दोन एकर मोसंबी होती. शिवाय पार इंदापूर तालुक्यातून त्याला बोलावणी यायची. पौष लागला की तो बावड्याला हिंदुरावांच्या बागेत जायचा आणि महिना-सव्वा महिना तिकडंच राहायचा.

तो महिना द्वारकाबाईला वैऱ्यासारखा वाटायचा. रामहरी परत आला, की त्याच्या अंगावरची धूळ झटकली जायच्या आत प्रश्न सुरू व्हायचे.

"तितं सैपाक कोण करतं?"

"राखणदार हाय सावळाराम, त्योच करतो."

"आन वाढतं कोण?"

"त्योच वाढतो."

"बाया न्हाईत तितं?"

"हायेत की. पन्नास बाया लागल्यात. एकेक घास भरवतात," असं म्हणून रामहरी हसायचा, आणि मग दोन दिवस त्याच्या ताटात मीठ जास्त पडायचं.

तिला झाडांचाही हेवा वाटायचा. रामहरी घरात मोजून चार शब्द बोलणारा माणूस, पण बागेत शिरला की झाडाशी तासन्‌तास पुटपुटत बसायचा. एकदा ती म्हणालीच, "झाडासंगं बोलता, त्यातलं चार शबूद माझ्यासंगं बोला की." रामहरी म्हणाला, "झाड मधी बोलत न्हाय गं."

चोपन्न साली भाद्रपदात त्याला ताप भरला. बारामतीहून डॉक्टर आणला, त्यानं सुई टोचली, गोळ्या दिल्या. ताप उतरला नाही. आठव्या दिवशी सकाळी रामहरी गेला. लेक छबू अंथुर्ण्याला दिलेली. ती पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती.

द्वारकाबाई रडली. तेरा दिवस सगळ्या गावानं तिचं रडणं ऐकलं. पण त्या रडण्याखाली एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. आता हा माणूस कुठं जाणार नव्हता. पौष आला तरी बावड्याला जाणार नव्हता, झाडाशी बोलणार नव्हता. आता तो सगळाच्या सगळा तिचा होता. मनात हे आलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची, पण ते यायचं खरं.

तेरावं झाल्यावर सासूनं, भामाबाईनं, पत्र्याची पेटी ओढून पुढ्यात घेतली. म्हातारीचा एकुलता एक लेक गेला होता, तरी तिचा आवाज स्थिर होता.

"पोरी, ही कापडं घरात ठिवायची न्हाईत. कसर लागती. कापडाला लागती आन मागं ऱ्हायलेल्या जिवाला बी लागती. कुंडलिकाला दिऊन टाक. आठ वर्सं त्येच्या हाताखाली राबलाय. उंचीबी तेवढीच हाय."

द्वारकाबाईनं स्वतःच्या हातानं एकेक कपडा काढला. तीन पैरणी, दोन धोतरं, एक फेटा आणि बारामतीच्या बाजारात घेतलेला जाड खाकी कोट. कोट मागच्या माघात बावड्याहून आल्यावर तिनंच उन्हात झटकून, लिंबाचा पाला घालून ठेवला होता. तिनं सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि कुंडलिकाच्या बायकोच्या, सारजाच्या हातात दिलं. बायका म्हणाल्या, मोठ्या मनाची आहे. तिलाही तसंच वाटलं. फक्त एक गोष्ट तिनं दिली नाही. कुंडलिकानं दबक्या आवाजात विचारलं, "वैनी, तात्यांचा डोळं भरायचा चाकू?" तेव्हा ती म्हणाली, "सापडंना." चाकू ज्वारीच्या कणगीत खालपर्यंत खुपसलेला होता. भामाबाईनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली.

कार्तिकात गवार घेऊन ती बारामतीच्या बाजारात गेली. पाट्या मांडल्या, गिऱ्हाईक लागलं. मान वर केली आणि समोर दहा हातांवर रामहरी पाठमोरा उभा दिसला. तोच खाकी कोट, उजवा खांदा किंचित खाली, मान थोडी पुढं. तिच्या तोंडून शब्द निघून गेला.

"अहो!"

भरल्या बाजारात, मोठ्यानं. तिनं नवऱ्याला घरातही कधी एवढ्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. चार माणसं वळली. कोटही वळला आणि त्यातून कुंडलिकाचं तोंड निघालं. त्यानं ओशाळून हात जोडले. पण तेवढ्यावर भागलं नाही. कुंडलिकाच्या शेजारी सारजा उभी होती, कडेवर लेकरू. बोलता बोलता तिनं हात वर केला आणि कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली. सहज. तिला कळलंही नसेल आपण काय केलं ते. द्वारकाबाईनं मात्र त्या हाताकडं असं बघितलं, की गवार मागणारी बाई म्हणाली, "बया, काय झालं?"

तेव्हापासून तिला सुख लागेना. पाटावर गेली की सारजा रामहरीची पैरण दगडावर आपटत असायची. त्या आपटण्याचा आवाज द्वारकाबाईच्या छातीत वाजायचा.

"हळू आपट की. शिवण उसवंल."

"आता काय उसवायचं ऱ्हायलंय आक्का," सारजा हसून म्हणायची. तिशीच्या आतली, तीन लेकरांची आई, तोंडानं मोकळी, मनात काही न ठेवणारी. "ह्यांच्या अंगावर आठ दिसात कापाड फाटतंय. तात्यांचं नशीब, तुमी जपलं." पैरण पिळून ती बाभळीवर वाळत टाकायची. दोन्ही बाह्या पसरून रामहरी सारजाच्या दारापुढं वाऱ्यावर हलत राहायचा, आणि द्वारकाबाई रिकाम्या घमेल्यात आपलं एक लुगडं घेऊन घरी यायची.

एक दिवस सारजा म्हणाली, "आक्का, मला शिवायला शिकवा की. तुमचा हात लई बारीक हो."

"माझा?"

"कोटाच्या काखंत अस्तर फाटलेलं, तितं टाकं घातल्यात न्हवं? मुंग्या चालल्यागत. एकामागं एक. मला वाटलं शिंप्याचंच हायेत, पर धागा निराळा."

द्वारकाबाईचे हात पाण्यातच राहिले. तिनं कोटाला कधी टाका घातला नव्हता. आणि तिचा हात बारीक नव्हता. तिचे टाके म्हणजे नांगरटीतून बैल गेल्यासारखे, ते रामहरीच म्हणायचा.

"व्हय," ती म्हणाली. "मीच घातलं. शिकवीन कवातरी."

घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती. कोट ती फक्त हिवाळ्यात काढायची. मागच्या वर्षी दिवाळीत काढला तेव्हा तो धड होता. म्हणजे फाटला तो बावड्यात आणि शिवला तोही बावड्यात. बारीक हाताच्या कुणीतरी शिवला. इतकी वर्षं ती विचारत राहिली आणि तो हसत राहिला, आणि खरं काय ते कोटाच्या काखेत होतं.

चार दिवस तिनं कसेबसे काढले. पाचव्या दिवशी ती कुंडलिकाच्या दारात जाऊन उभी राहिली. नवरा-बायको न्याहारीला बसले होते, कोट कुंडलिकाच्या अंगावर.

"कोट दे माझा," ती म्हणाली.

सारजाला आधी कळलंच नाही. "थंडी वाजती का आक्का? घोंगडी दिऊ?"

"घोंगडी नगं. कोट."

"अवो, पर नावानं दिल्यालं माघारी घ्यायचं नसतं..."

कुंडलिक मात्र उठला. त्यानं हात धुतले, कोट काढला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. "घ्या वैनी. तुमचाच हाय." त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरी भामाबाई भडकली. "माझ्या लेकाच्या नावानं दिल्यालं माघारी आणलंस? लोकं काय म्हणतील?" द्वारकाबाईनं ऐकून घेतलं, ओसरीच्या उजेडात बसली आणि कोटाची काख उलटी केली. काळ्या धाग्याचे टाके. एका बोटाच्या पेरात दहा-बारा बसतील एवढे बारीक, सगळे एका मापाचे. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. टोचलं नाही, की कुठं उंचवटा लागला नाही. जीव लावून केलेलं काम होतं.

मग ती बाई तिच्या डोळ्यांसमोर उभी राहायला लागली. लांब बोटांची, हळू बोलणारी. कोट मांडीवर घेऊन बसलेली, आणि रामहरी नुसत्या पैरणीत, थंडीत, तिच्या समोर वाट बघत. काय बोलत असेल तो? झाडाशी बोलायचा तसं तिच्याशी बोलत असेल? द्वारकाबाईचं रडणं थांबलं. जेवताना घास फिरायचा पण डोळ्याला पाणी येईना. आणि सगळ्यांत झोंबलं ते निराळंच. त्या बाईला बातमी कळली असेल. तीही रडली असेल. म्हणजे रडण्यातही वाटेकरीण निघाली.

मार्गशीर्षात तिनं कोट पिशवीत घातला आणि सासूला म्हणाली, "छबूकडं जाऊन येते." बारामतीहून इंदापूरच्या एस्टीत बसली. अंथुर्ण्याला गाडी थांबली, माणसं उतरली-चढली, ती जागेवरून हलली नाही. इंदापूरला गाडी बदलली आणि ऊन चढायच्या सुमाराला बावड्याच्या पारावर उतरून हिंदुरावांच्या बागेची वाट विचारत चालू लागली. कुंकवाविना कपाळ, खांद्याला पिशवी आणि चाल अशी की समोरचा वाटेतून बाजूला व्हावा.

बागेच्या फाटकाशी एक म्हातारा विळा पाजळत बसला होता. तिनं पिशवीतून कोट काढायला आणि त्यानं बघायला एकच गाठ पडली. त्यानं हातातला विळा खाली ठेवला.

"ह्यो तर रामहरीचा," तो म्हणाला. "तुमी वडगावच्या का? बसा माय, बसा." हा सावळाराम. बातमी त्याला दसऱ्यालाच कळली होती. कोटाला हात लावला आणि म्हातारा ढसाढसा रडायला लागला.

द्वारकाबाई बसली नाही. तिनं काख उलटी करून त्याच्यापुढं धरली. "आबा, खरं सांगा. ह्ये कुणी शिवलं?"

सावळारामानं डोळे पुसले. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यानं बोटानं चाचपलं. "कुणी म्हंजे? त्येनंच की."

"ह्यो पुरुषाचा हात न्हाय."

"डोळं भरणाराचा हात हाय," म्हातारा म्हणाला. "जंबेरीच्या काट्याला आडकून टर्रकन फाटला. आमच्या धनीणबाई म्हनल्या, भिमीकडं दे, ती झ्याक शिवती. तर ह्यो म्हनतो, नगं. का नगं? तर म्हनतो, आमच्या घरी येकदा चुलत भावजयीनं बटान लावलं, तर बायकूनं दातानं तोडलं आन पुन्यांदा सोता लावलं. दुसरीचा टाका घिऊन घरी गेलो तर आठ दिस भाकर मिळायची न्हाय. समदी बाग हसली बगा. त्योबी हसला. मग माज्याकडनं सुई मागून घेतली. तीन दुपारी बसला उनात. शिवायचा, उसवायचा, पुन्यांदा शिवायचा. म्हनला, तिला दिसताच कामा नये."

आता मात्र द्वारकाबाई मटकन खाली बसली.

बटणाची गोष्ट खरी होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षाची, ती स्वतः विसरून गेली होती. पहिल्यांदा तिला एवढं हलकं वाटलं की हसूच फुटलं. दुसरी कुणी नव्हती. लांब बोटांची बाई नव्हतीच. मग लगोलग तिनं तोंडावर पदर ओढला. सगळी बाग तिला हसली होती. आणि मग दिसलं ते तिनं आजवर डोळ्यांपुढं आणलंच नव्हतं. चाळिशी ओलांडलेला, दिवसभर वाकून काम करणारा माणूस, जेवणाच्या सुट्टीत पाठ टेकायची सोडून सुईत दोरा ओवतोय. तिच्या भीतीनं.

टाके दिसल्यापासून अडलेलं काहीतरी सुटलं. ती बराच वेळ रडली. सावळाराम मधे बोलला नाही.

डोळे पुसल्यावर तिनं विचारलं, "शिवताना बोलायचा का काय?"

"लई. त्वांड मिटायचा न्हाय. छबूचं लहानपन, तुमची गवार, आईचं गुडघं. तुमी कशा भांडता त्येची तर नक्कल करून दावायचा."

आणि इथंही तिला झोंबलं. तीन दुपारी हा म्हातारा त्याच्या शेजारी उन्हात बसला होता. जे बोलणं तिनं जन्मभर मागितलं, ते ह्याला न मागता मिळालं होतं. तिनं सावळारामाकडं बघितलं. अंगावर फाटकं धोतर, पायाला भेगा. ह्या माणसाचा हेवा करावा असं त्याच्यात काही नव्हतं, आणि ती करत होती.

म्हातारा उठून खोपीत गेला आणि जर्मनचा, हलक्या धातूचा एक पेला घेऊन आला. काठाशी चेमटलेला. "त्येचा हाय. दर साली हितंच ठिवून जायाचा. मी च्या त्यातच घेतो आता. पर तुमचा हक हाय माय, तुमी न्या."

द्वारकाबाईनं पेला हातात घेतला. हा तिनं कधी बघितला नव्हता. रामहरीच्या ओठाला लागलेली आणि तिला माहीत नसलेली एक वस्तू. तिची बोटं त्याभोवती घट्ट झाली. पिशवीत जागा होती. म्हातारा काही म्हणाला नसता, पण त्याची नजर पेल्यावरून हलत नव्हती. ती नजर तिनं ओळखली. बाजारात कोटाकडं बघताना तिची स्वतःची तशीच झाली असणार.

तिनं पेला परत त्याच्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या आबा. तुमी प्या त्यात."

सुखासुखी दिला नाही. देताना हात जड झाला. पण गाठोडं दिलं त्या दिवशी बायकांनी तिचं मोठं मन वाखाणलं होतं, आणि इथं वाखाणायला कुणी नव्हतं.

निघताना सावळारामानं विचारलं, "ह्या पौषात डोळं भरायला कोन? धनी शोधायला लागल्यात." तिच्या तोंडून आपोआप निघालं, "आमचा कुंडलिक येतोय. ह्यांनीच शिकवलंय त्याला."

परतताना ती अंथुर्ण्याला उतरली. छबूकडं दोन दिवस राहिली आणि लेकीला बापाच्या कोटाची गोष्ट सांगून हसवलं, रडवलं. मग वडगावला आली ती घरात शिरल्या शिरल्या कणगीशी गेली. दंडापर्यंत हात ज्वारीत घातला, चाकू काढला, पदरानं पुसला. भामाबाई चुलीपाशी होती. "सापडला वाटतं," एवढंच म्हणाली.

कुंडलिकाच्या दारात द्वारकाबाईनं चाकू आणि बावड्याचं बोलावणं दोन्ही दिलं. कुंडलिकानं चाकू कपाळाला लावला. तिनं नजर दुसरीकडं वळवली, पण उभी राहिली. मग सारजाला म्हणाली, "त्ये टाकं मी न्हवतं घातलं. खोटं बोलले. तात्यांनीच घातलं हुतं. आन तू त्येंची पैरण धुतीस तवा माझ्या अंगाचा जाळ हुतो. तुझी काय चूक न्हाय. पर हुतो."

"मग तुमी धुवा की," सारजा म्हणाली. "मला काय, तेवढंच काम कमी."

द्वारकाबाईनं धुतल्या नाहीत. चार वेळा धुतल्या असत्या तर पाचव्यांदा कुंडलिकाच्या घामाचा वास आला असता, तेही तिला सोसलं नसतं. कोट मात्र तिनं परत दिला नाही. कुंडलिकासाठी बाजारातून दुसरा आणला, आणि रामहरीचा स्वतःच्या अंगावर घातला. पहाटे बागेला पाणी द्यायला जाताना लुगड्यावर तो पुरुषी कोट घालून ती बांधानं चालायची. पहिल्यांदा लोक हसले, मग सवय झाली.

पौषात कुंडलिक बावड्याला गेला. पुढं तिच्याच बागेत नांगे पडले, झाडं मरून जागा रिकाम्या झाल्या, तिथं त्यानं रोपं लावून डोळे भरले, आणि बघणारे म्हणाले, हात थेट रामहरीचा. त्या दिवशी तिला पुन्हा झोंबलं. जळणं कमी झालं, गेलं नाही. म्हातारपणीही कुणी रामहरीची आठवण तिच्याआधी काढली की तिचा चेहरा बदलायचा.

पण तो पहिला पौष. कुंडलिक जाऊन आठवडा झाला होता. पाटावर सारजा गप्प गप्प धुणं धूत होती. शेवटी तिनं हळूच विचारलं, "आक्का, तितं बावड्याला... कामाला बाया असतात व्हय वो?"

द्वारकाबाई हसली. रामहरी गेल्यापासून पाटावर ती पहिल्यांदाच हसली.

"असतात की," ती म्हणाली. "पर आला म्हंजे इचारू नगंस. भाकर वाढ आन नुसती म्होरं बस. बोलंल त्यो."

सारजानं मान डोलावली. महिन्यानं कुंडलिक आला, तेव्हा त्याच्या वहाणाही निघाल्या नव्हत्या, तोवर तिनं विचारलंच.